तालीम लेबर रूममध्येच करावी

हेमलकसा म्हटलं की लोक डॉ. प्रकाश आमट्यांचं नाव घेतात. डॉ. मंदाकिनी आमटे मूळच्या भूलतज्ज्ञ, हे फार थोड्यांच्या लक्षात असतं. २३ डिसेंबर १९७३ ला सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पात, वीज नसलेल्या भामरागडच्या जंगलात, एक भूलतज्ज्ञ संसार मांडून राहिली हा मला योगायोग वाटत नाही. या भागात माणूस ज्या कारणांनी अचानक मरतो ती पाहा: मण्यारचा दंश, जन्मल्यावर न रडलेलं बाळ, बाळंतपणातले झटके, मेंदूत चढलेला मलेरिया. कारणं वेगळी असली तरी शेवटी मामला श्वास आणि रक्तदाब सांभाळण्यावर येतो. आम्हा भूलतज्ज्ञांचा धंदाच तो.

पण चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून भूलतज्ज्ञ किती, आणि गावं किती? म्हणून हे कसब आमच्या हातातून नर्स, एमबीबीएस डॉक्टर, आशा, १०८ चे डॉक्टर यांच्या हातात जायला हवं. खऱ्या रुग्णावर शिकवायला वेळ नसतो, आणि ते बरंही नव्हे. म्हणून सिम्युलेशन, म्हणजे पुतळ्यावर किंवा खोटा रुग्ण करून घेतलेली तालीम. या दोन जिल्ह्यांत या तालमी घेत हिंडताना जे हाती लागलं ते इथे मांडते. क्रम महत्त्वाचा नाही.

१. पुतळ्याची किंमत विचारू नये

कृत्रिम श्वास शिकवायचा जगातला सर्वांत प्रसिद्ध पुतळा एका खेळणी करणाऱ्याने बनवला. नॉर्वेतल्या स्टाव्हांगरचे आसमुंड लेर्डाल मऊ प्लास्टिकच्या बाहुल्या आणि मोटारी बनवत. ब्योर्न लिंड आणि पीटर सफार या दोन भूलतज्ज्ञांच्या प्रोत्साहनाने त्यांनी १९६० मध्ये 'रेसुसी अॅन' बाजारात आणली. नंतर अमेरिकेत संगणकावर चालणारे, डोळे मिटणारे पुतळे आले. आज लाखो रुपयांचे पुतळे मिळतात. त्यातले काही मी प्लास्टिकच्या वेष्टनातच पाहिले आहेत, कारण बिघडले तर जबाबदारी कोणाची, या भीतीने कोणी हात लावत नाही.

माझ्या पिशवीतलं सामान साधं असतं. नवजात बाळाची पाणी भरायची बाहुली. पाणी भरलं की वजन आणि लुळेपणा खऱ्या बाळासारखा होतो, आणि पाण्याचं वजन वाहून नेण्याचे पैसे पडत नाहीत. आठवडी बाजारातल्या मटणवाल्याकडून आणलेली बकऱ्याची श्वासनलिका. गळ्यातून आपत्कालीन वाट काढणं त्यावर जितकं चांगलं शिकता येतं तितकं रबरावर येत नाही. आणि खायचा लाल रंग.

लाल रंगाचा एक प्रयोग प्रत्येक ठिकाणी करते. एका जुन्या लुगड्यावर, एका चादरीवर आणि जमिनीवर मोजून लाल पाणी ओतायचं आणि सगळ्यांना चिठ्ठीवर लिहायला सांगायचं: किती मिलिलिटर रक्त गेलं? बाळंतपणानंतर ५०० मिलिलिटरच्या वर गेलं की धोक्याची घंटा वाजायला हवी. चिठ्ठ्या उघडल्या की जवळजवळ सगळ्यांचा अंदाज कमी निघतो, अनुभवी सिस्टरांचाही. रक्त गेल्याचा डोळ्यांनी केलेला अंदाज कमीच येतो, हे जगभरच्या अभ्यासांत दिसलं आहे; पण आपण स्वतः चिठ्ठीवर लिहिलेला चुकीचा आकडा जो परिणाम करतो तो अभ्यास वाचून होत नाही. मग सांगायचं की डोळ्यांवर विसंबू नका. बाईच्या नाडीचा आकडा वरच्या रक्तदाबापेक्षा मोठा झाला की ती शॉकच्या दारात आहे असं समजा. या वर्गाचा खर्च रंगाच्या एका बाटलीचा.

२. गडचिरोलीला हे कोणी नव्याने शिकवायला नको

सिम्युलेशन आणि त्यावरचं संशोधन म्हटलं की लोकांना मोठ्या शहरातली वातानुकूलित लॅब आठवते. त्यामागचा कळीचा प्रश्न, म्हणजे थोडं शिकलेल्या माणसाच्या हातात जीव वाचवायचं कसब देता येतं का आणि दिलं तर मृत्यू खरंच कमी होतात का, तो या जिल्ह्यात फार पूर्वी सोडवला गेला आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला श्वास किती ते मोजावं लागतं, आणि बऱ्याच दायांना तेवढे आकडे येत नव्हते. मग त्यांच्यासाठी मण्यांचं आणि वाळूच्या घड्याळाचं एक साधन केलं गेलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. मला हे साधन महागड्या मॉनिटरांपेक्षा जास्त शिकवून गेलं. माणूस अडाणी आहे असं म्हणण्याआधी आपलं साधन अडाणी आहे का, हे तपासावं.

पुढे नवजात बाळांचं काम आलं. गावातल्याच, थोडं शिक्षण झालेल्या बायका 'आरोग्यदूत' म्हणून तयार झाल्या. ३९ गावांत १९९३-९५ मध्ये हजार जन्मांमागे ६२ नवजात बाळं मरत होती. तिथे १९९७-९८ पर्यंत तो आकडा २५ च्या आसपास आला. डिसेंबर १९९९ च्या 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. भूलतज्ज्ञ म्हणून माझा जीव अडकला तो त्यातल्या एका भागात. न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यावा? तोंडाने, नळी-मास्कने, की अंबू बॅगने? २००५ मध्ये 'जर्नल ऑफ पेरिनॅटॉलॉजी'त या तिन्हींची तुलना आली. नुसत्या तोंडाने फुंकण्याचा फायदा थोडका होता, नळी-मास्कचा मोठा, आणि बॅग-मास्कचा त्याहून थोडा जास्त दिसला. १९९६ ते २००३ या काळात तीव्र गुदमर झालेल्या बाळांतलं मृत्यूचं प्रमाण ३९ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आलं. बॅग-मास्कचा खर्च वाचलेल्या प्रत्येक बाळामागे १३ डॉलर. हे सगळं घरच्या बाळंतपणांत, रात्री-बेरात्री, कंदिलाच्या उजेडात काम करणाऱ्या बायकांनी केलं.

या यशातला अर्धाच भाग पुढे लोकांनी उचलला, असं माझं मत आहे. प्रशिक्षण उचललं. पण त्यामागे येणारा पर्यवेक्षक, आरोग्यदूत बाईच्या हाताची पुन्हा-पुन्हा तपासणी, प्रत्येक जन्माची आणि मृत्यूची नोंद, हे बरंचसं वाटेत गळलं. दोन दिवसांचा वर्ग, शेवटी फोटो आणि प्रमाणपत्र, याला आरोग्यदूत तयार करणं म्हणत नाहीत.

३. जिथे काम करायचं तिथेच तालीम घ्यावी

जिल्ह्याच्या ठिकाणच्या सभागृहात सगळं नीट असतं. ऑक्सिजन येतो, सक्शन ओढतं, ट्रेमध्ये औषधं ओळीने असतात. शिकणारा खूश होऊन परत जातो आणि पहिल्या खऱ्या प्रसंगी कळतं की सिलिंडर उघडायची चावीच जागेवर नाही.

एका ग्रामीण रुग्णालयात आम्ही न सांगता सरळ लेबर रूममध्ये बाहुली ठेवली आणि म्हटलं, हे बाळ श्वास घेत नाही, सुरू करा. बॅग मिळाली, पण नवजात बाळाचा मास्क मिळेना. मोठ्या माणसाचाच होता. अॅड्रेनॅलिन होतं, पण कुलपात. किल्ली औषध निर्मात्याकडे, आणि ते जेवायला घरी गेलेले. लॅरिंगोस्कोप उघडला तर दिवा लागेना. सेल फुगून आतच चिकटले होते. कोणी कामचुकार नव्हतं. ते सामान त्या आठवड्यात कोणाला लागलंच नव्हतं, एवढंच. लेबर रूमच्या भिंतीवर मात्र सामानाची लॅमिनेट केलेली यादी होती, आणि तिच्यात सगळं होतं.

त्या दिवशी कोणाच्या ज्ञानात भर पडली नसेल, पण किल्लीचा प्रश्न त्याच संध्याकाळी सुटला. अशा तालमीचा खरा रुग्ण दवाखाना असतो. म्हणून मी नेहमी सांगते: तुमचीच खोली, तुमचाच ट्रे, तुमच्याच पाळीतली माणसं. रात्रपाळीची तर नक्कीच.

४. 'कोणीतरी द्या' म्हटलं की कोणीच देत नाही

धावपळीत डॉक्टर ओरडतात, "अरे, कोणीतरी अॅड्रेनॅलिन भरा!" पाच माणसं एकमेकांकडे बघतात. तालमीत हे हटकून घडतं, म्हणून हटकून मोडता येतं. नाव घ्यायचं: "वैशाली सिस्टर, अॅड्रेनॅलिन अर्धा मिलिग्रॅम, स्नायूत." सिस्टरने तेच परत म्हणायचं आणि दिल्यावर सांगायचं, "दिलं." सुरुवातीला सगळे हसतात, शाळेत पाढे म्हटल्यासारखं वाटतं म्हणतात. तिसऱ्या फेरीला हसू थांबतं.

याहून अवघड आहे ते खालच्याने वरच्याला सांगणं. इंग्लंडमध्ये २००५ साली इलेन ब्रोमिली ही ३७ वर्षांची बाई सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी गेली. भूल दिल्यावर श्वासाची वाट सापडेना. अनुभवी डॉक्टर नळी घालण्याचा प्रयत्न करत राहिले आणि वेळ निघून गेला. गळ्यातून वाट काढायचं सामान आणलंय, असं एका नर्सने सांगितलं होतं. ते कोणाच्या कानापर्यंत पोहोचलं नाही. इलेन वाचली नाही. तिचा नवरा मार्टिन ब्रोमिली वैमानिक. कोणाला शिक्षा व्हावी यापेक्षा हे पुन्हा होऊ नये म्हणून त्याने ही घटना जगासमोर मांडली, आणि आज भूलशास्त्राच्या वर्गात ती शिकवली जाते. श्वासनलिकेत नळी घालायचे प्रयत्न किती वेळा करायचे आणि कुठे थांबायचं, याची मार्गदर्शक तत्त्वं श्वासवाटेच्या अडचणींवर काम करणाऱ्या आपल्या अखिल भारतीय संघटनेनेही २०१६ मध्ये प्रसिद्ध केली आहेत.

आपल्याकडे नर्स साहेबांना टोकत नाही. आमच्या भागातली बोली आधीच 'जी' लावून मऊ केलेली. म्हणून आम्ही एक ठरलेलं वाक्य घोकून घेतो: "सर, मला काळजी वाटून राहिली जी, ऑक्सिजन ऐंशीच्या खाली गेला." हे ऐकलं की डॉक्टरने हातातलं काम थांबवून मान वर करायची, हा तालमीचा नियम. एका ज्येष्ठ सर्जनना हे मुळीच आवडलं नाही. "आता सिस्टर आम्हाला शिकवणार?" म्हणाले. मी म्हटलं, शिकवणार नाही, आकडा सांगणार. ते निघून गेले. त्यांच्या सिस्टर मात्र थांबल्या आणि वाक्य पाठ करून गेल्या.

५. कार्ड वाचायला लाजू नये

झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. वडशाच्या मंडळ्या रात्रभर प्रयोग करून दुसऱ्या गावाला निघतात. तालमीला वेळ थोडा, म्हणून प्रॉम्प्टरचा मान मोठा. नट त्याच्याकडून वाक्य घेतो आणि प्रेक्षकांना त्यात काही वावगं वाटत नाही. प्रयोग रंगला पाहिजे, बस. तातडीच्या प्रसंगी एका माणसाने हातात कार्ड धरून मोठ्याने वाचायचं, ते याच हिशेबाने. डोस, क्रम, पुढची पायरी. मोठ्या रुग्णालयांत हा 'वाचक' नेमलेला असतो. आमच्याकडे डॉक्टरला कार्ड बघताना नातेवाइकांनी पाहिलं तर 'याला येत नाही' म्हणतील अशी भीती असते. माझा अनुभव उलटा आहे. कोणीतरी शांतपणे वाचतंय आणि बाकीचे करताहेत, हे पाहून नातेवाइकांचा आवाज खाली येतो.

६. सापाची तालीम पेरण्यांच्या आधी

मे महिन्यात, मृग लागायच्या आधी, सापाची तालीम उरकून घ्यावी. ऑगस्टमध्ये शिकायला वेळ नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. तो आराखडा खरा करायचा तर भाताच्या पट्ट्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातच करावा लागेल.

आमचा ठरलेला प्रसंग असा. पहाटेचा सुमार. जमिनीवर झोपलेला तरुण उठून म्हणतो, पोट दुखून राहिलं जी. दंशाची खूण नाही, सूज नाही, साप कोणी पाहिला नाही. मण्यार असाच येतो, आणि अशा रुग्णाला अॅसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं जातं. रुग्णाच्या भूमिकेत वॉर्डातले एखादे मामा असतात. काही मामा पापण्या अशा सुरेख पाडतात की त्यांना वडशाच्या मंडळीने घ्यावं.

पापणी पडली का हे पाहिल्यावर पुढची परीक्षा सोपी आहे: एका श्वासात आकडे मोजायला सांगायचं. माडिया माणूस त्याच्या भाषेत मोजेल, हरकत नाही. तुम्ही बोटांवर मोजा. मघाशी तो जिथवर पोहोचला होता, आता त्याच्या निम्म्यावर थांबला, तर श्वासाचे स्नायू हरत चालले आहेत. याला ना मशीन लागत, ना वीज.

मग लस. प्रतिविषाच्या दहा कुप्या म्हणजे दहा वेळा दहा मिलिलिटर पाणी घालून पावडर विरघळवणं. कुपी हलवायची नाही, गोल फिरवायची. हलवली की फेस येतो. तालमीला मुदत संपलेल्या कुप्या वापरतो आणि प्रत्येकाला खरोखर दहा विरघळवायला लावतो. तेव्हा कळतं की या कामात एक माणूस पूर्ण अडकतो आणि रुग्णाजवळ दुसरा असायलाच हवा. लहान मुलालाही लस मोठ्याइतकीच, कारण सापाने विष वजन पाहून सोडलेलं नसतं. लस सुरू झाल्यावर अंगावर पित्त उठलं, धाप लागली, रक्तदाब पडला, तर आधी अॅड्रेनॅलिन, मांडीच्या स्नायूत. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मुलाला वजनाप्रमाणे कमी. एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोनकडे हात आधी जातो, ही सवय तोडायला सर्वांत जास्त फेऱ्या लागतात.

आता पुतळा येतो, कारण श्वास थांबला. मण्यारच्या विषाने एकदा नसांची टोकं धरली की लस ती लगेच सोडवत नाही. माणूस हालत नाही, डोळ्यांच्या बाहुल्याही विस्फारलेल्या राहू शकतात, आणि बघणाऱ्याला तो गेलाच असं वाटतं. तो गेलेला नसतो. आतून ऐकतही असू शकतो. त्याला फक्त श्वास पुरवत राहायचं असतं, तासन् तास, कधी दिवसभर किंवा त्याहून जास्त, आणि स्नायू परत येतात. हे ज्या सिस्टरने एकदा समजून घेतलं ती बॅग खाली ठेवत नाही.

बॅग सतत दाबणं आणि तीही धावत्या गाडीत, हे वेगळं कसब आहे. राज्यात १०८ ची सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. गाडीत डॉक्टर असतो, ही महाराष्ट्राच्या योजनेची जमेची बाजू. पण आलापल्लीच्या पलीकडून निघालेल्या गाडीत एका माणसाचे हात किती पुरणार? चंद्रपूरहून नागपूरच दीडशे किलोमीटर. म्हणून आम्ही पुतळा गाडीत ठेवून खड्ड्यांच्या रस्त्यावरून गाडी नेतो. दर खड्ड्याला मास्क चेहऱ्यावरून निसटतो. दोघांनी मिळून करायचं: एकाने दोन्ही हातांनी मास्क आणि जबडा धरायचा, दुसऱ्याने पाच-सहा सेकंदांनी एकदा बॅग दाबायची आणि थकल्यावर सांगायचं. रुग्णाच्या भावाला बॅग दाबायला शिकवावं का? माझं उत्तर हो. मागे मास्क धरणारा जाणकार असेल तर भाऊ उत्तम दाबतो, आणि त्याला पाच मिनिटांत शिकवता येतं.

७. तालीम पाच मिनिटांची, बोलणं वीस मिनिटांचं

खेळ संपल्यावर गोल बसायचं आणि शिकवणाऱ्याने गप्प राहायचं. हे आम्हा डॉक्टरांना जमत नाही. आम्हाला लगेच 'तुमचं काय चुकलं' सांगायची घाई. पहिला प्रश्न: कसं वाटलं? दुसरा: तेव्हा तुमच्या डोक्यात काय चाललं होतं? एकदा एक तरुण डॉक्टर बाळाला बॅग लावायच्या ऐवजी पाठ चोळत राहिला. क्रम माहीत नसेल असं सगळ्यांना वाटलं. विचारल्यावर म्हणाला, क्रम माहीत आहे, पण बॅगच्या दाबाने फुप्फुस फाटेल अशी भीती वाटली. हे आधी सांगून कोणाला कळलं असतं? त्याच्यासमोर बॅगचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडून दाखवला आणि भीती गेली.

मोबाइलवर चित्रण करायचं असेल तर आधी विचारावं आणि सगळ्यांसमोर पुसून टाकावं. तालमीतला गोंधळ एकदा व्हॉट्सअॅपवर गेला की पुढच्या वेळी कोणी येत नाही. आणि तालमीतले गुण गोपनीय अहवालात जाणार असतील तर ती तालीम नाही.

८. हात विसरतात

डोक्यात राहतं, हातातून जातं. छाती दाबण्याचं किंवा बॅग-मास्कचं कसब तीन ते सहा महिन्यांत उतरतं, हे अनेक देशांत तपासलेलं आहे. म्हणून वर्षातून एकदा मोठा मेळावा घेण्यापेक्षा दर सोमवारी पाळी बदलताना पाच मिनिटं बाहुली हातात घेणं बरं. नवजात बाळासाठी 'दाब, दोन, तीन' या लयीत एक मिनिट बॅग दाबायची, छाती वर येते का बघायचं, संपलं. जन्मलेल्या दहांतल्या एका बाळाला काहीतरी मदत लागते. सोमवारी केलेलं गुरुवारी उपयोगी पडतं.

याच संदर्भात एक तक्रार. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवडे जीवरक्षक भूल शिकवायची योजना आली. कल्पना उत्तम, सिझेरियनला भूल देणारा माणूस तालुक्यातच तयार होतो. पण शिकून परतलेल्या डॉक्टरची नेमणूक जिथे शस्त्रक्रियागृहच चालू नाही अशा ठिकाणी झालेली मी पाहिली आहे. वर्षभराने तो म्हणाला, मॅडम, आता स्पायनलची सुई हातात घ्यायची भीती वाटते. शिकवण्याचा खर्च सरकारचा, वाया जाण्याची व्यवस्थाही सरकारचीच.

९. टाळ्या मोजू नयेत

वर्गानंतर अभिप्रायाचे कागद भरून घेतात. सगळे 'उत्कृष्ट' लिहितात. यावर निबंध लिहून संशोधन म्हणणारे पुष्कळ आहेत. मोजायचं तर बाळ जन्मल्यापासून पहिला परिणामकारक श्वास द्यायला किती सेकंद लागले ते मोजा. झटके येणाऱ्या बाईला मॅग्नेशियम सल्फेट किती मिनिटांत मिळालं ते मोजा. तालमीआधी, लगेच नंतर आणि सहा महिन्यांनी. आणि हिंमत असेल तर 'सर्च'ने मोजलं तसं: गावात किती जन्मले आणि किती जगले. एका मोबाइलचं स्टॉपवॉच आणि एक वही पुरते. चंद्रपूरला २०१५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे; तिथल्या विद्यार्थ्यांना प्रबंधाचे विषय शोधायला नागपूर-पुण्याकडे बघायची गरज नाही.

१०. पुतळा पूल बांधत नाही

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं. रक्ताची पिशवी नसेल तर बाळंतिणीचा रक्तस्राव कितीही चांगला ओळखला तरी पुढे काय? रिक्त जागा, बंद पडलेलं कॉन्सन्ट्रेटर, न आलेली लस यांवर उत्तर म्हणून कोणी 'आम्ही सिम्युलेशनचं प्रशिक्षण दिलंय' म्हणत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. तालमीतून सापडलेल्या उणिवांची यादी आम्ही दर वेळी लेखी देतो, तारीख घालून, आणि पुढच्या फेरीला तीच यादी वाचून सुरुवात करतो. काही ओळी वर्षानुवर्षं तशाच आहेत. त्या वाचत राहणं हाही या कामाचाच भाग आहे.

११. पांढऱ्या कोटाबाहेरचे हात

रानडुकरांसाठी कुंपणात सोडलेल्या विजेचा धक्का बसलेला शेतकरी, खाणीत कोसळलेला कामगार, लग्नाच्या मांडवात छातीत कळ येऊन पडलेले काका: यांच्याजवळ पहिल्या पाच मिनिटांत डॉक्टर नसतो. भारतीय भूलतज्ज्ञ संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय पुनरुज्जीवन परिषदेने सामान्य माणसासाठी 'कॉल्स' ही सोपी पद्धत ठरवली आहे. विजेचा धक्का असेल तर आधी प्रवाह बंद करा. हाक मारून, खांदे हलवून पाहा. उत्तर नाही, श्वास नाही, तर १०८ ला फोन करायला एकाचं नाव घेऊन सांगा. दोन्ही तळहात एकावर एक ठेवून छातीच्या मध्यभागी, हाडावर, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला सुमारे १२० वेळा दाबा. मदत येईपर्यंत थांबू नका. थकलात तर दुसऱ्याला द्या. तोंडाने श्वास द्यायची यात गरज नाही, त्यामुळे अनोळखी माणसालाही हे करता येतं.

वनरक्षक, शिक्षक, बसचे वाहक आणि बचत गटातल्या बायका हे दुपारभरात शिकतात, आणि बचत गटातल्या बायका सर्वांत जोरात दाबतात. १६ ऑक्टोबर हा जागतिक भूलदिन असतो. त्या दिवशी भूलतज्ज्ञ अशा वर्गांना आनंदाने येतात. शाळा, ग्रामपंचायत, वनविभागाचं कार्यालय, कुठेही जागा चालेल. जवळच्या भूलतज्ज्ञाला आठवडाभर आधी सांगून ठेवा, पुतळा ते घेऊन येतील.